वारेतली चाहूल

ताडपेठच्या दवाखान्यात डॉक्टर मृणाल ठवरे यांनी जैनीच्या पोटावर पट्टा बांधला, तेव्हा तिचा नवरा दसरू बायकोकडे न बघता पट्ट्याकडेच बघत होता. दसरू उसेंडी सोलर पंप दुरुस्त करायचा. बांडिया नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत कुठे पंप बंद पडला, की त्यालाच निरोप जायचा. कुठलंही नवं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे.

"मॅडम, हा ऐकतो कसा?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी हसून एक इअरफोन त्याच्या कानात घातला, दुसरा जैनीच्या. आतून आवाज येत होता. सुपातून तांदूळ सरकावा तसा, सळसळत, मागेपुढे.

"हे बाळ?" जैनीनं विचारलं.

"नाही, ही वार. बाळाचं जेवणखाण, श्वास सगळं हिच्यातून जातं. आवाज असा सलग आहे ना, म्हणजे आत सगळं स्वच्छ आहे. मधे टिचक्या वाजायला लागल्या की काळजीचं."

जैनी आश्रमशाळेत शिकवायची. मलेरिया म्हणजे काय, हे ती दरवर्षी मुलांना फळ्यावर चित्र काढून सांगायची. लहानपणी तिला स्वतःलाही तो दोनतीनदा येऊन गेला होता. पण डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितलं, ते तिच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

मलेरियाचा जंतू रक्तातल्या लाल पेशीत शिरतो. एरवी बोटातून थेंबभर रक्त काढलं की तो सापडतो. पण बाई गरोदर राहिली की तिच्या शरीरात त्याला लपायला एक नवी जागा मिळते. वारेच्या अस्तरावर एका खास साखरेचा लेप असतो. काही जंतू आपल्या पेशीच्या बाहेर त्या लेपाला चिकटणारं एक प्रथिन तयार करतात, आणि त्या पेशी वारेत जाऊन घट्ट बसतात. मग बोटातलं रक्त तपासा, काही दिसत नाही. आईला ताप नसतो. ती पाणी भरते, शेतात जाते, हसतेबोलते. आत मात्र बाळाच्या वाट्याचं अन्न अडत राहतं. बाळ खुरटतं, वेळेआधी येतं, किंवा आलं तरी हलत नाही.

चाहूल नावाचा तो पट्टा निघाला तो यासाठी. जंतू लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, पण त्यातलं लोह त्याला पचत नाही. त्याचे काळे, अगदी बारीक स्फटिक तो मागे टाकतो. पट्टा पोटावरून प्रकाशाचे लहान लहान झोत सोडतो. ते झोत पडले की स्फटिक निमिषभर तापतात, फुगतात, आणि फुगताना आवाज करतात. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. पट्टा तो पकडतो.

"आणि टिचकी वाजली तर?" दसरूनं विचारलं.

गेल्या काही वर्षांत त्या भागातला जंतू औषधांना दाद देईनासा झाला होता. वारेत बसलेल्याला उठवायला एक इंजेक्शन होतं, पण ते दर दोन बायांत एकीलाच लागू पडायचं. म्हणून ज्यांची पहिली खेप आहे, त्यांना डास चावूच द्यायचा नाही, एवढाच उपाय उरला होता. दवाखान्यामागच्या टेकडीवर त्यासाठी माता निवास बांधलं होतं. दुहेरी दारं, खिडक्यांना, ओसरीला, अगदी अंगणालाही बारीक जाळी. लोक त्याला जाळीघर म्हणत.

"बाळंतपण होईपर्यंत इथेच राहावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "नवऱ्याला सोबत राहता येतं. फक्त त्याचंही एकदा तपासून घेऊ."

तपासायला मनगटावर बांधायची एक लहान पट्टी होती. दसरूनं ती हौसेनं बांधून घेतली. पट्टीच्या पडद्यावर आधी एक ठिपका उमटला, मग दुसरा, मग भराभर उमटतच गेले.

"मला तर ताप नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला येणारही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही वाहक आहात. जंतू तुमच्या रक्तात गपचूप राहतो. डास तुम्हाला चावला की तो घेऊन दुसऱ्याला देतो."

त्यावर गोळ्या होत्या, तीनच दिवसांच्या; गरोदर बाईला मात्र त्या चालत नसत. त्या द्यायच्या आधी डॉक्टरांनी दसरूच्या रक्ताची आणखी एक तपासणी केली आणि गोळ्यांचं पाकीट परत कपाटात ठेवलं. दसरूच्या लाल पेशींत एक एन्झाइम जन्मतःच फार कमी होतं. हा गुण मुलाला आईकडून येतो. या उणिवेमुळेच बहुधा लहानपणापासून मलेरियानं त्याला कधी जमिनीवर आडवं पाडलं नव्हतं. पण त्याच उणिवेमुळे ती गोळी त्याच्या पेशींना सोसणार नव्हती. त्या फुटल्या असत्या.

"ह्या गोळ्या तुम्ही कधीही घ्यायच्या नाहीत," डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. "दिवसा भेटायला या. हा डास दिवसा चावत नाही. पण सूर्य मावळायच्या आत निघायचं."

दसरूनं मान डोलावली. मग तो जैनीकडे बघून म्हणाला, "मावळायच्या आत म्हणजे नदीवर शेवटचा डोंगा सुटायच्या आत. त्याच्यात काय भेटणार आपण?"

---

त्यांचं गाव इरुकगुडा नदीच्या पलीकडे, जंगलात आत होतं. दसरू पहाटे निघायचा, डोंग्यानं नदी ओलांडायचा, टेकडी चढायचा. पोचेपर्यंत दुपार व्हायची. मग दोघं अंगणातल्या बेहड्याखाली बसायची. तो वास्त्यांची, बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी आणायचा, आईनं केलेली. कुठला पंप बिघडला, कुठल्या पॅनेलवर माकडं नाचली, शाळेतल्या पोरांनी बाईंची आठवण काढली, सगळं सांगायचा. ती त्याची बोटं हातात घेऊन ऐकायची. बोटांना डाख लावल्याचा वास असायचा. तो वास तिला कधी आवडला नव्हता. आता ती तो शोधायची.

ऊन बेहड्याच्या बुंध्यावरून वर सरकलं की दारावरच्या वनमालाबाई घसा खाकरायच्या. फार भली बाई. पण तिला ते काम करावंच लागायचं. दसरू उठायचा. दोन दारांच्या मधल्या जागेत तो क्षणभर थांबायचा आणि मागे वळून बघायचा. मग बाहेरचं दार लागायचं.

त्यानंतरची वेळ जैनीला सगळ्यात जड जायची. इतर बायांचे नवरे ओसरीवर पत्ते खेळत. कुणी बायकोचे पाय चेपत बसे. जाळीच्या आत एकही डास नव्हता. बाहेर अंधारात रातकिडे ओरडत, आणि तिला वाटे, आता तो डोंग्यातून उतरला असेल, आता पायवाटेला लागला असेल.

दर आठवड्याला पट्टा बांधला जायचा. आवाज तसाच सलग, स्वच्छ. डॉक्टर खूश व्हायच्या. जैनीलाही आनंद व्हायचा. बाळ पोटात लाथा मारायला लागलं होतं, आणि त्याच्या बापानं त्या कधी हात ठेवून अनुभवल्या नव्हत्या. दिवसा ते नेमकं झोपायचं आणि अंधार पडला की जागं व्हायचं.

पावसाळा भरात आला आणि नदीला पूर आला. डोंगे बंद झाले. औषधं ड्रोननं जात होती, माणसं जाऊ शकत नव्हती. कितीतरी दिवस दसरू आला नाही. फोनला रेंज मिळाली की दोघं बोलायची.

"आता लाथ मारतंय," एका संध्याकाळी ती म्हणाली. "आत्ता. तू असतास तर."

"फोन लाव पोटाला."

"फोनला काय कळणार?" ती हसली. "एक रात्र तरी राहायला मिळालं असतं ना रे. एकच."

"करू काहीतरी," तो म्हणाला.

---

पूर ओसरल्यावर पहिला डोंगा आला, त्यात दसरू होता. पण तो टेकडी चढून आला नाही. त्याचा मित्र जुरू त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला.

वनमालाबाईंनी येऊन सांगितलं तेव्हा जैनी तांदूळ निवडत होती. ती तशीच उठली. दुपार होती, बाहेर जायला हरकत नव्हती. पुरुषांच्या वॉर्डात ती पोचली तेव्हा डॉक्टर दसरूच्या पापण्या ओढून बघत होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. खाटेखाली भांडं होतं, त्यातली लघवी बिनदुधाच्या चहासारखी काळी.

"किती घेतल्या?" डॉक्टर विचारत होत्या.

"सगळ्या. तिन्ही दिवसांच्या." त्याला बोलतानाही धाप लागत होती. "जुरूच्या होत्या. त्याला मिळाल्या होत्या इथून."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला? दोनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, मॅडम. मला वाटलं, त्रास होईल थोडा, सोसून घेऊ." त्यानं जैनीला पाहिलं. "मनगटाची पट्टी लावून बघा एकदा. जंतू गेला असंल तर मला आत राहता येईल ना?"

जैनीला त्याला मारावंसं वाटलं. तिनं त्याचा हात हातात घेतला. तळवा पांढराफटक होता.

लाल पेशी फुटून त्यांतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं झालं होतं, आणि ते गाळता गाळता दसरूची मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. डॉक्टरांनी रक्त चढवलं. दुसरी बाटली लागली, तिसरी लागली. निरोप गेला तशी दसरूची आई बुदरी आली. ती जैनीच्या बापाची चुलत बहीण, म्हणून जैनी तिला आत्याच म्हणायची. बुदरी बोलायची कमी. जाळीघराला तिचा पहिल्यापासून विरोध होता. सून एवढे महिने घराबाहेर राहणार, हे तिला पटलं नव्हतं, आणि ती एकदाही टेकडीवर आली नव्हती. आता ती लेकाच्या पायाशी बसली आणि तिनं त्याचे पाय मांडीवर घेतले.

पहिल्या दिवशी ऊन उतरलं तशी जैनी उठून जाळीघरात गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी दसरू बरळायला लागला. तो पंपाशी बोलत होता, वायर सोड म्हणत होता. वॉर्डाच्या खिडक्यांना जाळी नव्हती. बाहेर ऊन तांबूस झालं, तरी जैनी हलली नाही.

"आज मी जात नाही," ती म्हणाली.

"ऊठ," बुदरी म्हणाली.

"नाही आत्या. हा असा असताना मी जाऊन तिथे झोपू?"

"झोप नको. पण जा."

"त्याला काही झालं तर?"

बुदरीनं लेकाचे पाय मांडीवरून हळूच खाली ठेवले. ती जैनीच्या शेजारी येऊन बसली, अगदी जवळ, आणि हलक्या आवाजात बोलायला लागली.

"दसरूच्या आधी मला एक पोरगी झाली होती. तुला कुणी सांगितलं नसंल. त्यालाही ठाऊक नाही. मला ताप नव्हता, काही नव्हतं. शेवटपर्यंत मोहाच्या टोपल्या वाहिल्या मी. आली ती हललीच नाही. डोक्यावर केस होते, नखं होती, सगळं होतं. कोणी म्हणालं, नजर लागली. कोणी म्हणालं, हिनं दिवस भरले असताना नदी ओलांडली. मी ओलांडली होती. आईला भेटायला गेले होते. मला आजपर्यंत कळलं नाही की मी काय करायला नको होतं. तुला तर सांगितलंय त्यांनी. सगळं समजावून सांगितलंय. मग तू का बसलीस इथे?"

जैनीनं खाटेकडे बघितलं.

"त्याच्यापाशी मी आहे," बुदरी म्हणाली. "पोटातल्या जिवापाशी तूच आहेस. जा."

जैनीनं दसरूच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले नाहीत. ती बाहेर पडली, टेकडीची वाट चढली, आणि पहिलं दार उघडून आत शिरली तेव्हा सूर्य नुकताच झाडांमागे गेला होता. दोन दारांच्या मधे ती भिंतीला टेकून उभी राहिली. वनमालाबाईंनी आतून दार उघडलं आणि काही न विचारता तिला धरून आत नेलं.

सकाळी उजाडताच ती वॉर्डात धावली. खाट रिकामी होती. चादर काढून नेली होती.

"नागपूरला नेलं," बुदरी दारातून म्हणाली. "आहे तो. जिवंत आहे. इथे मशीन नाही म्हणाल्या. पहाटेच गाडी आली. विज्जा गेलाय सोबत." विज्जा म्हणजे दसरूचा धाकटा भाऊ.

"शुद्धीवर होता?"

"जाताना होता. तू कुठे, विचारलं त्यानं. मी सांगितलं, मीच पाठवलं तिला. बरं केलं म्हणाला."

---

दसरूला नेण्याआधी डॉक्टरांनी त्याच्या मनगटावर पट्टी लावून बघितली होती. एकही ठिपका उमटला नाही. जंतू गेला होता. आता त्याला जाळीघरात खुशाल राहता आलं असतं. पण तो नागपूरला डायलिसिसच्या खाटेवर होता, आणि इथल्या कुठल्याही गावापेक्षा ते दूर होतं.

बुदरी मात्र घरी गेली नाही. तिची तपासणी झाली, रक्त स्वच्छ निघालं, आणि ती सुनेपाशी राहिली. तिला त्या जाळीत करमायचं नाही. ती कोपऱ्यातला झाडू काढून सगळं अंगण झाडत बसायची. संध्याकाळी जैनीच्या पोटाला तेल लावायची. बाळानं लाथ मारली की तिचा हात तिथेच थांबायचा आणि पुष्कळ वेळ उचलला जायचा नाही.

"बाप कधी बघणार तुला?" एकदा ती पोटाकडे बघून म्हणाली. जैनीनं तोंड फिरवलं.

नागपूरहून कधी बातमी बरी यायची, कधी वाईट. मूत्रपिंडं एक दिवस कामाला लागायची आणि पुन्हा मंदावायची. फोनवर दसरूचा आवाज बारीक झाला होता. तिथल्या मशीनचा पंप कसा चालतो ते तो सांगायचा. मशीनचं झाकण उघडू देत नाहीत म्हणून कुरकुरायचा. त्याची कुरकुर ऐकली की जैनीला बरं वाटायचं. फोन ठेवल्यावर ती त्याचा एक शर्ट उशाशी घ्यायची. त्याचा वास आता जवळजवळ गेला होता.

दिवस भरले आणि मुलगी झाली. रडत आली, चांगली टपोरी. डॉक्टर ठवरेंनी वारेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघितला. एकही काळा कण नव्हता. त्यांनी स्वतः जैनीला येऊन ते सांगितलं आणि नागपूरला फोन लावून दिला.

दसरूनं पडद्यावर लेकीला बघितलं. तो बोललाच नाही. नुसता बघत राहिला.

"बोल ना काहीतरी," जैनी म्हणाली.

"रडव तिला," तो म्हणाला. "ऐकू दे."

तिला रडवावं लागलं नाही. ती आपणहूनच रडली, आणि नागपूरच्या त्या खोलीतल्या सगळ्या रोग्यांनी माना वळवून ऐकलं.

---

घरी सोडायच्या आधी डॉक्टर जैनीच्या खाटेपाशी येऊन बसल्या. बुदरी बाळाला मांडीवर घेऊन खाली भिंतीशी बसली होती.

"जैनी, एक गोष्ट सांगायची राहिली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या खेपेला तुम्हाला पुन्हा इथेच यावं लागेल. दिवस भरेपर्यंत. तुमच्या गावातल्या मोठ्या बाया म्हणतील, दुसऱ्या बाळाला काही होत नाही. त्यांचं त्यांच्यापुरतं खरं आहे."

"म्हणजे?"

"पहिल्या वेळी ज्या बाईच्या वारेत जंतू बसतो, तिचं शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. त्या चिकट प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं तिच्या रक्तात तयार होतात. दुसऱ्या खेपेला जंतू आला की ती त्याला चिकटूच देत नाहीत. म्हणून पुढची बाळं बहुतेक वाचतात." डॉक्टरांनी हातातल्या पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "तुमच्या शरीराला ही शिकवणी मिळालेली नाही. आम्हीच मिळू दिली नाही. दुसऱ्या वेळीही तुम्ही या जंतूपुढे पहिलटकरीणच असाल. लस येते आहे म्हणतात. पण येईपर्यंत असंच."

जैनीला पुन्हा ती दोन दारं दिसली. पुन्हा तेवढेच महिने. तिला घरी जायचं होतं. स्वतःच्या चुलीपाशी बसायचं होतं. आपलं माणूस कुशीला घेऊन झोपायचं होतं. आणि तिला दोन मुलं हवी होती, हे ती कधीपासून मनात धरून होती.

"आणि हे शिकायला," ती हळूच म्हणाली, "पहिलं बाळ द्यावं लागतं."

"नेहमी नाही. पण पुष्कळदा."

भिंतीपाशी बुदरीनं मान वर केली. तिला मराठी बेताचं कळायचं. तिनं आपल्या माडिया बोलीत जैनीला विचारलं, ही काय म्हणते. जैनीनं सगळं सांगितलं. बुदरी ऐकत राहिली. बाळ चुळबुळलं, तिनं ते थोपटलं. मग डॉक्टरांकडे बघून ती मोडक्या मराठीत म्हणाली, "माझ्या रक्तात दिसंल काय ते?"

डॉक्टरांना आधी कळलं नाही. जैनीनं हलक्या आवाजात त्या पहिल्या पोरीचं सांगितलं, मग कळलं.

"मावशी, फार वर्षं झाली. राहिलं असेलच असं नाही."

"बघा ना."

बोटातून थेंबभर रक्त घेतलं. यंत्र शेजारच्या खोलीत होतं. डॉक्टर गेल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत. बुदरी बोटावर कापूस दाबून बसली होती. रक्त केव्हाच थांबलं होतं, पण तिनं कापूस सोडला नाही.

डॉक्टर परत आल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आहे, मावशी. थोडं आहे, पण नक्की आहे. हे साध्या मलेरियानं येत नाही. वारेत जंतू बसला तरच येतं. पुढच्या बाळंतपणांत ते वाढलं असेल, पण मूळ पहिल्याचंच असणार."

"म्हणजे तिला त्यानंच मारलं."

"हो. बहुतेक त्यानंच."

"नदी ओलांडली म्हणून नाही."

"नाही, मावशी. नदीचा काही संबंध नाही."

बुदरीनं ते जैनीकडून पुन्हा एकदा माडियात म्हणवून घेतलं. मग तिनं बाळ सुनेच्या हातात दिलं, उठली, आणि अंगणात जाऊन बेहड्याखाली बसली. जैनीनं तिला हाक मारली नाही. जाळीतून तिची पाठ दिसत होती. ती हलत होती, मग हलायची थांबली, मग पुन्हा हलायला लागली.

---

दसरू हिवाळा सरता सरता परतला. मूत्रपिंडं पुन्हा आपल्या पायावर उभी राहिली होती. तो मात्र निम्मा होऊन आला होता. जैनी बाळाला घेऊन नदीच्या काठावर उभी होती. तो गाडीतून उतरला, चालत आला, आणि दोन पावलांवर थांबला, जणू मधे अजून दार होतं.

"ये ना," ती म्हणाली.

तो आला. त्यानं बाळाला घेतलं नाही. आधी त्यानं आपलं कपाळ जैनीच्या खांद्यावर टेकवलं आणि तसाच उभा राहिला. डोंगेवाल्यानं एकदा हाक दिली, मग तोही गप्प बसला.

डोंग्यात तिनं त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं, पुढच्या खेपेचं, आणि बुदरीच्या रक्तातलं. आपल्याला एक मोठी बहीण होती, हे त्याला त्या पाण्यावर पहिल्यांदा कळलं. त्यानं डोंग्याच्या काठावरून पाण्यात हात सोडला.

"गावात राहिलो तर माझ्या रक्तात तो पुन्हा येणार," मग तो म्हणाला. "आणि गोळ्या आता कधीच नाही."

"माहीत आहे."

"मग दुसरं पोर?"

"मला हवंय," जैनी म्हणाली. "तुझ्याशिवाय ते महिने मला नको आहेत. पोर मात्र हवंय. काय करायचं ते मला ठाऊक नाही."

"मलाही नाही," दसरू म्हणाला, आणि त्यानं आता बाळ मांडीवर घेतलं. त्या दिवशी त्यांनी काही ठरवलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी बुदरीनं अंगणात पाय पसरले, त्यांवर बाळाला निजवलं आणि कोमट पाण्यानं न्हाऊ घालायला घेतलं. दसरू उंबऱ्यावर बसून बघत होता. बाळाचं नाव ठेवायचं अजून राहिलं होतं, बाप येण्यासाठी थांबले होते.

जैनी पाण्याचा तांब्या घेऊन आत्यापाशी बसली. "आत्या," तिनं विचारलं, "तिचं नाव काय ठेवणार होतीस तू?"

बुदरीचा हात थांबला. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

"सम्मी," ती म्हणाली. तिनं ते इतकं हळू म्हटलं, की दसरूला पुढे झुकावं लागलं. मग तिनं ते परत म्हटलं, जरा मोठ्यानं. "सम्मी. माझ्या आजीचं नाव."

दसरू उठून जवळ आला, उकिडवा बसला. "आई, मग हिचंच नाव सम्मी ठेवू."

बुदरीनं मान हलवली. तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि बाळाच्या पोटावर सोडलं.

"नको," ती म्हणाली. "ते तिचं आहे. हिला दुसरं शोधा."

आणि डोक्यावर पाणी घालताना ते नातीच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून तिनं त्या इवल्याशा कपाळावर आपल्या तळहाताचा आडोसा धरला.